जुनी जीप घ्यायची तर आधी खाली वाका

जुनी जीप बघायला गेलेला माणूस आधी बॉनेट उघडतो, मग टायरला लाथ मारतो आणि शेवटी स्टिअरिंगमागे बसून फोटो काढून घेतो. विकणाऱ्याला हे पाठ असतं. म्हणून इंजिन डिझेलने धुऊन लखलखीत केलेलं असतं आणि टायरना काळं फासलेलं असतं. माझा सल्ला उलट्या क्रमाचा आहे. आधी कागद बघा, मग चासी, आणि इंजिन सगळ्यात शेवटी. थकलेलं इंजिन तालुक्याच्या गावातला मिस्त्रीही बांधून देतो. कुजलेली चासी सरळ करणारे हात फार थोडे असतात. आणि कागदांचा घोळ झाला, तर पैसे टाकूनही तो सुटेलच असं नाही.

हा लेख शनिवार-रविवारी हात काळे करून घेण्याची हौस असलेल्यांसाठी आहे. सोमवारी त्याच गाडीने वेळेवर ऑफिसला पोचायचं असेल, तर सरळ नवी गाडी घ्यावी. हप्ते परवडतात, रोजचा मनस्ताप परवडत नाही.

कोणती गाडी शोधायची

आपल्याकडे जुनी, परवडणारी आणि खरोखर चारही चाकं ओढणारी गाडी म्हटलं की घराणी दोनच उरतात. एक महिंद्राची जीप, दुसरी मारुतीची जिप्सी. बाकीची नावं गप्पांना चांगली.

महिंद्राने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला अमेरिकेच्या विलिज जीपचे सुटे भाग आणून गाड्या जोडायला सुरुवात केली. महायुद्धातली ठेंगण्या बॉनेटची जीप आणि नंतरची ‘हाय बॉनेट’ यांच्यातला फरक इंजिनामुळे पडला. नव्या हरिकेन इंजिनाची उंची जास्त होती, ते मावावं म्हणून बॉनेट वर गेलं. या पेट्रोल जीपा देखण्या आहेत यात शंका नाही, पण पेट्रोल पितात, आणि बऱ्या अवस्थेतल्या गाडीमागे संग्राहक लागलेले असतात. महायुद्धातली अस्सल विलिज किंवा फोर्ड तर नवशिक्याने बघायलाही जाऊ नये. त्यात अस्सल किती आणि नंतर जुळवलेलं किती, हे ओळखायला जाणकार नजर लागते.

पहिल्या गाडीसाठी माझं मत एमएम ५४० किंवा ५५० ला. महिंद्राने १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्यूजोशी करार करून एक्सडीपी डिझेल इंजिन आणलं. ५४० मध्ये ते २.१ लिटरचं आहे, आणि बऱ्याच ५५० मध्ये त्याच घराण्यातलं अडीच लिटरचं. वेग बेताचा, आवाज भरपूर. पण ही इंजिनं आतून बघितलेला मिस्त्री अजून सापडतो आणि पार्टही मिळतात. हौशी माणसाला याहून मोठी सोय नाही.

जिप्सी डिसेंबर १९८५ मध्ये आली. पहिली ९७० सीसीची, चार गिअरची एमजी ४१०. १९९६ मध्ये १२९८ सीसीची, पाच गिअरची जिप्सी किंग आली आणि २००० मध्ये तिला एमपीएफआय मिळालं. अंगाने हलकी असल्यामुळे चिखलात जड जीप रुतते तिथून जिप्सी निघून जाते. मागच्या सीटवर बसणाऱ्याचे हाल मात्र दोन्हीकडे सारखेच. जुनी ४१० घाट चढताना दमते, पण कार्ब्युरेटरची गाडी शिकायला सोपी. किंगचं इंजिन जास्त दमाचं. २०१९ मध्ये सर्वसामान्यांसाठी जिप्सीची विक्री थांबली आणि जुन्या गाड्यांचे मालक अचानक भाव खाऊ लागले.

मेजर, कमांडर आणि ट्रॅक्स स्वस्त दिसतात. कोल्हापूर-साताऱ्याकडे वडापच्या, म्हणजे सीटवर प्रवासी नेण्याच्या, धंद्यात यांनी आयुष्य काढलं आहे. त्यांतल्या बहुतेक गाड्यांची फक्त मागची चाकं ओढतात. पुढच्या ॲक्सलच्या मधे डिफरन्शियलचा फुगवटा नसेल आणि गिअरबॉक्सकडून पुढे शाफ्ट येत नसेल, तर दिसायला कितीही रांगडी असो, ती टू-व्हील गाडी आहे. ‘फोर-व्हील नंतर बसवून घेता येतं’ हे वाक्य ऐकलं की चहा संपवून उठावं. राहिली जोंगा. जबलपूरच्या लष्करी कारखान्यात निसानच्या परवान्यावर बनलेली, ३९५६ सीसीचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन असलेली दणकट गाडी. तिच्या आधी पेट्रोल पंपवाला मित्र जोडावा.

किमतीबद्दल एवढंच सांगतो. चालत्या, पासिंग असलेल्या, चारही चाकं ओढणाऱ्या ५४० ला किंवा जिप्सीला दोन-अडीच लाखांपासून पाच-सहा लाखांपर्यंत काहीही सांगितलं जातं, आणि त्या आकड्याचा गाडीच्या अवस्थेशी संबंध असेलच असं नाही. गाडीवर जेवढे घालाल त्याच्या निदान निम्मे पहिल्या वर्षासाठी वेगळे काढून ठेवा. तेवढे उरत नसतील, तर गाडी आत्ता घेऊ नका.

आरसीची खरी परीक्षा

खासगी गाडीची नोंदणी पहिली पंधरा वर्षं चालते. त्यानंतर गाडी दाखवून दर पाच वर्षांनी तिचं पासिंग करून घ्यावं लागतं. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या या फेरनोंदणीचं शुल्क ६०० रुपयांवरून ५००० झालं, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या मोटारींसाठी ते १०,००० करण्यात आलं. पर्यावरण कर वेगळा. मुदत उलटून गेल्यावर केलेल्या अर्जाला महिन्यामागे जादा आकारही धरला जातो. म्हणून ‘पासिंग संपलंय, पण होऊन जाईल’ असं कोणी म्हणालं, तर ते कधी संपलंय हे विचारा आणि एकूण किती भरावे लागतील हे आरटीओत जाऊन आधी काढून घ्या. दहा वर्षं गोठ्यात उभी राहिलेली गाडी स्वस्त मिळते ती याच कारणाने. शक्य तर विकणाऱ्यालाच पासिंग करून द्यायला लावा. त्या निमित्ताने गाडी आरटीओच्या तपासणीतून जाते, तुमच्याही डोक्याचा ताप वाचतो.

गाडी कोणाच्या नावावर आहे, हा त्यापुढचा प्रश्न. गावाकडच्या जीपा बहुतेक वेळा आजोबांच्या नावावर असतात आणि आजोबा जाऊन वर्षं लोटलेली असतात. नातू मनापासून विकायला तयार असतो, पण कायद्याने त्याला विकता येत नाही. आधी वारसाच्या नावावर गाडी चढायला हवी. त्यासाठी फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती लागते. ही संमती मिळवताना शेताच्या बांधापासूनचे जुने वाद उकरले जातात. ते काम त्यांचं त्यांना करू द्या. नाव चढल्याचा कागद दिसल्याशिवाय बयाणा देऊ नका.

एमएच येण्याआधीच्या, तीन इंग्रजी अक्षरांच्या नंबरच्या गाड्यांची आरसी हाताने लिहिलेली असते आणि वाहन पोर्टलवर तिची नोंद सापडतेच असं नाही. अशा गाडीची जुनी नोंद संगणकावर चढवून घ्यावी लागते. आरटीओतले लोक त्याला बॅकलॉग म्हणतात. मूळ कार्यालयातलं रजिस्टर सापडलं तर काम होतं, नाही सापडलं तर अडतं. नंबर एमपरिवाहन ॲपवर टाकून बघा. सीसी, इंधन, बैठक, चासी नंबरचे दिसणारे आकडे आणि नोंदणीची तारीख आरसीशी जुळवा. त्याच बैठकीत ई-चलनं किती थकलीत तेही कळेल. आरसीवर बँकेचा बोजा असेल, तर कर्ज फिटल्याचं पत्र आणि फॉर्म ३५ हवा. कर्ज पंचवीस वर्षांपूर्वी फिटलेलं असतं, पण ज्या पतसंस्थेचं होतं तिला केव्हाच कुलूप लागलेलं असतं. मग पत्र कोणी द्यायचं?

दिल्लीच्या गाड्यांचं प्रकरण स्वतंत्र आहे. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशाने दिल्ली परिसरात दहा वर्षांपुढच्या डिझेल आणि पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. तेव्हापासून तिकडच्या जिप्सी इकडच्या बाजारात स्वस्तात दिसतात. एनओसी, म्हणजे फॉर्म २८, तुमच्याच जिल्ह्याच्या आरटीओच्या नावाने असेल आणि इथला कर, पासिंग, नवा नंबर हा सगळा खर्च धरूनही हिशेब बसत असेल, तर जरूर घ्या. कोरी एनओसी किंवा तिसऱ्याच जिल्ह्याच्या नावाची एनओसी दाखवली, तर नाद सोडा. ‘आर्मी डिस्पोजल’ म्हणून दाखवलेल्या गाडीचंही तसंच. लष्कराच्या गाड्या लिलावात निघतात हे खरं, पण लिलावाचे मूळ कागद आणि त्यावरून झालेली मुलकी नोंदणी, दोन्ही हवं. नुसता हिरवा रंग पुरावा होत नाही.

आता वाका. चासी नंबर लोखंडी पट्टीवर ठोकलेला असतो, तो शोधा. चिंधी आणि थोडं रॉकेल घेऊन जागा पुसा. त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासा. आरटीओत अर्जाला जोडतात तसा छाप निघेल, तो आरसीवरच्या नंबराशी एकेक अक्षर लावून बघा. खऱ्या ठोकलेल्या नंबराच्या अक्षरांची उंची आणि खोली बऱ्यापैकी सारखी असते. एखादाच आकडा खोल, तिरका किंवा वेगळ्या वळणाचा असेल, आजूबाजूचं लोखंड ग्राइंडरने घासल्यासारखं सपाट असेल, किंवा सगळ्या चासीवर जुना चिखल आणि नेमक्या त्या वीतभर जागेवर ताजा काळा रंग असेल, तर हसून निरोप घ्या. नंबराशी खेळलेली गाडी चोरीची निघू शकते आणि त्याचा जाब गाडी ज्याच्या ताब्यात असते त्याला द्यावा लागतो.

मोठे टायर, एलईडीच्या पट्ट्या, वाढवलेली उंची अशी सजवलेली जीप मोहात पाडते. हरियाणातल्या मंडी डबवालीची अशा जीपांसाठी देशभर ख्याती आहे आणि तिथल्या कारागिरांचा हात चांगला आहे, हे मान्यच केलं पाहिजे. अडचण कायद्याची आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठणकावलं. इंजिन बदलायला परवानगी घ्यावी लागते आणि त्याची आरसीवर नोंद व्हावी लागते. ५४० च्या आरसीवर डिझेल आणि बॉनेटखाली एस्टीमचं पेट्रोल इंजिन, अशी गाडी पासिंगला उभी करता येत नाही आणि अपघात झाला तर विमा कंपनीला हात झटकायला कारण मिळतं. पुढचे लोखंडी बुलबार २०१७ च्या अखेरीस केंद्राने बेकायदा ठरवले, ते काढून भंगारात द्या.

एक गैरसमज जाता जाता. २०२१ मध्ये केंद्राने ‘व्हिंटेज’ गाड्यांचे नियम आणले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली, मूळ स्वरूपात राखलेली गाडीच त्यात बसते. तिला नंबरात व्हीए अक्षरांची वेगळी मालिका मिळते, नोंदणीला २०,००० रुपये पडतात आणि गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन अशा मोजक्या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. नव्वदच्या दशकातल्या जिप्सीचा त्याच्याशी काही संबंध नाही, विकणारा ‘व्हिंटेज’ म्हणून कितीही भाव चढवो.

चासी आणि पत्रा

इथे घाई करू नका. जुने कपडे घाला, टॉर्च, मोठा स्क्रू-ड्रायव्हर आणि छोटी हातोडी बरोबर न्या आणि पाठीवर झोपून गाडीखाली सरका. गाडी तेव्हा नुसत्या जॅकवर असता कामा नये.

कमानपाटे जिथे चासीला शॅकलने टांगलेले असतात तिथून सुरुवात करा. चिखल तिथेच साठतो, पाणी तिथेच मुरतं. हातोडी हलक्या हाताने मारत चला. निरोगी लोखंड खणखणीत वाजतं, कुजलेल्या जागी आवाज बद्द होतो. शंका आली की स्क्रू-ड्रायव्हरचं टोक जोर लावून टेकवा. पापुद्रे सुटले किंवा टोक आत गेलं, तर वरचा रंग कितीही चकचकीत असला तरी आतलं लोखंड संपलेलं आहे. मग मधले आडवे दांडे, स्टिअरिंग बॉक्स जिथे बोल्ट केलेला असतो ती जागा, आणि बॉडी चासीवर टेकते तिथल्या टेकण्या बघा. स्टिअरिंग बॉक्सजवळ चासीला केसाएवढी चीर पडलेली असू शकते. तिथे वेल्डिंगचे जुने ओघळ दिसले, तर तिथे आधी काय झालं होतं ते विचारा. संपूर्ण चासीला ताजं डांबर फासलेलं असेल, तर ते संरक्षणासाठी आहे की झाकण्यासाठी, हे खरवडल्याशिवाय कळणार नाही. खरवडू द्यायला मालक नाही म्हणाला, तर त्यातच उत्तर मिळालं.

कोकणातली गाडी आणि देशावरची गाडी यांत याच बाबतीत जमीन-अस्मानाचा फरक असतो. खारा वारा आणि चार महिने पाऊस खाल्लेल्या गाडीचा पत्रा आतून जातो. सोलापूर, लातूर, बीडकडची गाडी उन्हाने रंग उडालेली, सीट फाटलेली, रबरं तडकलेली असेल, पण लोखंड बरं निघण्याची शक्यता जास्त. दोन गाड्यांत निवड करायची वेळ आली, तर मी रंग उडालेली घेईन.

पत्र्याचं एवढं मनावर घेऊ नका. जीपचा पत्रा सपाट असतो, चांगला डेंटर तो नव्याने बनवून देतो. चिंधीत गुंडाळलेलं लोहचुंबक बॉडीवरून फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे खाली लांबी भरलेली आहे. दारांच्या खालच्या कडा, मागच्या चाकांच्या कमानी आणि पायाखालचा पत्रा बघितला की पुरे. मॅट उचलायला विसरू नका.

चाकं, स्टिअरिंग, ब्रेक

जुन्या जीपची खोड म्हणजे ताशी चाळीस-पन्नासच्या वेगात एखाद्या खड्ड्यावरून गेलं की पुढची दोन्ही चाकं थरथरू लागतात आणि स्टिअरिंग हातात राहत नाही. मालक म्हणतो, ‘बॅलन्सिंग करून घ्या, जाईल.’ कधीकधी जातंही. बहुतेक वेळा दुखणं किंगपिनमध्ये किंवा टाय रॉडच्या टोकांत असतं. पुढचं चाक जॅकवर उचला. एक हात चाकाच्या माथ्यावर, दुसरा तळाशी धरून आत-बाहेर हलवा. खेळ जाणवला, तर बरोबरच्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर चाकाचं बेअरिंग सैल आहे, ते किरकोळ काम. ब्रेक दाबूनही खेळ राहिला तर किंगपिनचं काम निघणार. ते होण्यासारखं आहे, फक्त किमतीतून वजा झालं पाहिजे.

जुन्या जीपला चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात आणि बऱ्याच गाड्यांत पेडलला व्हॅक्यूमची मदत नसते. नव्या मोटारीची सवय असलेल्याला गाडी थांबतच नाहीये असं वाटतं. ते स्वाभाविक आहे, पण गाडी एका बाजूला ओढत असेल, चाकाच्या आतल्या बाजूने ब्रेक ऑइल ओघळलेलं असेल किंवा दाबून धरलेलं पेडल हळूहळू खाली जात असेल, तर ते स्वाभाविक नाही. टायरची नक्षी बघू नका, जन्मतारीख बघा. बाजूला चार आकडे असतात. २३१४ म्हणजे २०१४ सालचा २३ वा आठवडा. असे टायर नक्षी शाबूत असली तरी बदलायचेच आहेत, म्हणून त्यांचे पैसे वजा करा.

इंजिन

गाडी बघायला येतोय हे सांगा, पण ‘चालू करून ठेवू नका’ हेही सांगा. गेल्यावर पहिला हात बॉनेटवर ठेवा. गरम लागलं तर गाडी सकाळी थंडीत चालू होत नाही असं समजा आणि ती पूर्ण थंड होईपर्यंत थांबा. प्यूजोच्या डिझेलला थंड असताना हीटर प्लग लागतात, त्यासाठी काही क्षण चावी धरावी लागते. तो दोष नव्हे. चालू झाल्यावर ऑइल भरायचं झाकण काढा. थोडी वाफ चालेल. धूर फसफसत बाहेर येत असेल तर मिस्त्री ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात ते आहे, म्हणजे रिंगा-पिस्टनचं काम आलं. सायलेन्सरचा निळा धूर ऑइल जळतंय हे सांगतो, न थांबणारा पांढरा धूर आणि दुधाळ झालेलं ऑइल गॅस्केट किंवा हेड गेल्याचं. डिझेलचा काळा धूर बहुधा पंप-नोझलचा असतो. यांतलं कुठलंही दुखणं असाध्य नाही, म्हणूनच ही तपासणी मी शेवटी ठेवली. प्रत्येक कामाचा अंदाज तुमच्या मिस्त्रीकडून घ्या आणि किमतीत बोला.

फोर-व्हील चालतंय का हे मात्र मातीतच बघा. पुढच्या चाकांना फिरवायचे हब असतील तर ते लॉक करा, लो गिअरमध्ये टाका, पहिल्या गिअरला नांगरलेल्या रानात गाडी सोडा आणि कोणालातरी बाहेरून पुढच्या चाकांकडे बघायला सांगा. मालक डांबरी रस्त्यावर फोर-व्हील टाकून दाखवू लागला तर थांबवा. या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मधे डिफरन्शियल नसतं. वळणावर पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचं असतं, पण दोन्ही शाफ्ट एकाच गतीने फिरतात. मातीत चाक घसरून ती तफावत निघून जाते, कोरड्या डांबरावर निघत नाही आणि सगळा ताण दातऱ्यांवर येतो. गाडी अशी वर्षानुवर्षं चालवली असेल, तर वळताना कडकड ऐकू येईलच.

घरी आणल्यावर

सोसायटीत राहत असाल तर जागेचा प्रश्न गाडी घेण्याआधी सोडवा. पार्किंगमध्ये ऑइलचे डाग आणि रविवारी दुपारी हातोडी, हे कोणतीही कमिटी फार दिवस सहन करत नाही. मिस्त्रीही आधीच शोधून ठेवा. चांगला मिस्त्री तो, जो तुम्हाला शेजारी उभं राहून बघू देतो.

बहुतेक प्रकल्प एकाच कारणाने बुडतात. पहिल्या रविवारी उत्साहाने सगळी गाडी खोलली जाते आणि पुढची काही वर्षं ती पोत्यांत पडून राहते. असं करू नका. गाडी चालती ठेवा आणि एका वेळी एकच काम हातात घ्या. माझा क्रम ब्रेक, स्टिअरिंग, टायर, मग रेडिएटर आणि पाइप, मग वायरिंग. उंदरांनी कुरतडलेली आणि चिकटपट्टीने जोडलेली वायरिंग ठिगळं लावत बसण्यापेक्षा सबंध बदलावी, फ्यूज बॉक्ससकट. आगी तिथूनच लागतात. पेट्रोल गाडी असेल तर इंधनाचे सगळे रबरी पाइप लगेच बदला. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुनं रबर त्यात टिकत नाही. रंग सगळ्यात शेवटी, कारण आधी रंगवलेली गाडी पुढच्या प्रत्येक कामात ओरखडते.

पान्यांचं एक बघा. जिप्सीला मिलिमीटरचे पाने चालतात. जीपचा सांगाडा मूळ अमेरिकन असल्यामुळे बरेच बोल्ट इंचांतले आणि प्यूजोचं इंजिन मिलिमीटरमधलं. दोन्ही संच हवेत, नाहीतर बोल्टांची डोकी गोल होतात. काढलेले नट-बोल्ट श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत ठेवून झाकणावर कुठले ते लिहा आणि खोलण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. गाडीखाली जायचं असेल तर दोन्ही बाजूंना लोखंडी घोड्या लावल्याशिवाय जाऊ नका. विटा आणि दगड चालत नाहीत.

पार्टसाठी पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड. लेथवर काही बनवून घ्यायचं असेल तर कोल्हापूरच्या उद्यमनगरासारखी जागा नाही. जुना तुकडा हातात घेऊन जा, नुसतं नाव सांगून चुकीचा पार्ट पदरात पडतो. ब्रेकचे पार्ट मात्र जुन्या बाजारातून कधीच घेऊ नका.

व्यवहाराच्या दिवशी फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत आणि तारीख-वेळ लिहिलेली पावती घ्या, पैसे बँकेतून द्या आणि काही रक्कम नाव चढेपर्यंत राखून ठेवा. नावावर करायचा अर्ज तुम्ही तीस दिवसांत केला पाहिजे. ‘आमचा एजंट बघून घेईल’ यावर सोडू नका. थर्ड पार्टी विमा त्याच दिवशी तुमच्या नावाने करा. जुनी गाडी असल्यामुळे पूर्ण विमा द्यायला कंपन्या कां-कू करतात. २०१९ च्या एप्रिलपूर्वीच्या गाडीला एचएसआरपी पाटी लागते, तीही लावून घ्या.

गाडी तयार झाली की पहिला मोह समुद्राच्या वाळूचा होतो. तो टाळा. गोव्यात किनाऱ्यावर गाडी घातली तर दंड होतो, आणि इतरत्र कोणी अडवलं नाही तरी खारं पाणी तुम्ही वाचवलेली चासी खायला लागतंच. सड्यांवर आणि फुलांच्या पठारांवरही चाकं नेऊ नका. एखाद्या ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून त्याच्या पडीक रानात, पेरणीच्या आधी, हळू चालवून बघा. त्या पहिल्या फेरीला दुसरी चालती गाडी, जाड ओढदोर, पाण्याचे दोन कॅन आणि मिस्त्रीचा फोन नंबर बरोबर असू द्या.